पॅरिसच्या वहीत आपला मुलूख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'तिसरे जग' हा शब्द आपण किती सहज वापरतो! अग्रलेखात तो असतो, वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलांच्या तोंडी तो असतो. बऱ्याच जणांचा समज असा, की तो अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून आला. प्रत्यक्षात तो फ्रेंच भाषेत जन्मला आणि त्याची जन्मतारीखही ठाऊक आहे. १४ ऑगस्ट १९५२ रोजी पॅरिसच्या एका साप्ताहिकात आल्फ्रेद सोव्ही नावाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. अमेरिकेची बाजू आणि रशियाची बाजू यांच्यातल्या शीतयुद्धाबद्दलच सगळे बोलतात, पण या दोहोंच्या बाहेरही एक जग आहे, दुर्लक्षित आणि लुबाडलेले, असे त्याचे म्हणणे होते. नाव देताना त्याने आपल्याच देशाचा इतिहास आठवला. राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये समाजाचे तीन वर्ग मानले जात. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. हा तिसरा वर्ग १७८९ साली उठला. सोव्हीच्या 'तिसऱ्या' जगात ती धमकीही होती. आपण शब्द घेतला, धमकी मात्र तिकडेच राहिली. आपल्याकडे 'तिसरे जग' म्हणजे 'गरीब देश' एवढाच अर्थ उरला.

राजकारणातले डावे आणि उजवेही तिथलेच. १७८९ च्या फ्रेंच सभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधातले डावीकडे. त्या बसण्याच्या जागांवरून वसईच्या नाक्यावरची माणसेसुद्धा आज एकमेकांची ओळख करून देतात.

सांगायचे हे, की फ्रेंच भाषेत जगाच्या राजकारणाचा आणि समाजाचा जो अभ्यास होतो, तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. मला फ्रेंच येत नाही. माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे आणि लिहिणे कवितेचे. इंग्रजी आणि मराठी भाषांतरांच्या शिडीवरून मी या घराच्या खिडकीपर्यंत पोचलो. आत जे दिसले, त्यात आपल्याच मुलखाचे बरेच सामान होते.

आधी त्यांची पाहण्याची रीत सांगतो. १९६२ साली रेमों आराँ या विचारवंताने राष्ट्राराष्ट्रांतले युद्ध आणि शांतता यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या लेखी आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या रंगमंचावर दोनच पात्रे महत्त्वाची, मुत्सद्दी आणि सैनिक. पुढच्या पिढीने विचारले, बाकीची माणसे कुठे गेली? व्यापारी, स्थलांतरित, मुल्ला, पाद्री, बोटीवरचा खलाशी, परदेशातून घरी पैसे पाठवणारा मुलगा, यांचे काहीच राजकारण नाही का? वसईकराला हा प्रश्न लगेच कळेल. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला, हे आपण शाळेत घोकले. त्या तहात एक कलम असेही होते, की इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्राच्या माणसाला पेशव्यांनी नोकरीत ठेवू नये. रोख अर्थात फ्रेंचांवर होता. त्या वेळी दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पेराँ हा फ्रेंचच होता. हे झाले मुत्सद्दी आणि सैनिक. पण ज्या गावाच्या नावाने तह झाला, तिथल्या केळीच्या वाडीत आणि कोळीवाड्यात त्या दिवशी काय चालले होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकाने कधी विचारले नाही.

बेर्त्राँ बादी या प्राध्यापकांनी १९९२ साली एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा मराठी अर्थ 'आयात केलेले राज्य' असा होईल. आशिया-आफ्रिकेतल्या पुढाऱ्यांनी युरोपातून राज्ययंत्रणेचा साचा आणला, पण लोकांचे जगणे त्या साच्यात बसले नाही, म्हणून माणसे जातीकडे, धर्माकडे, नात्यागोत्याकडे वळत राहिली, असा त्यांचा मुद्दा. मला तो पूर्ण पटत नाही. भारतात मतपेटी परकी राहिलेली नाही, ती आपण चांगलीच आपलीशी केली. पण ३ जुलै २००९ रोजी आमच्याकडे वसई-विरार महानगरपालिका झाली, त्यानंतर कित्येक गावांनी 'आम्हाला यातून वगळा' म्हणून आंदोलन केले, प्रकरण न्यायालयात गेले, हे आठवले की बादींचे म्हणणे थोडे तरी खरे वाटते. वरून आलेला नकाशा आणि पायाखालची पाऊलवाट यांचे जमेलच असे नाही.

दुसरे नाव झाँ-फ्राँस्वा बायार यांचे. आफ्रिकेतल्या राज्यसंस्थेवर त्यांनी १९८९ साली पुस्तक लिहिले आणि त्याला 'पोटाचे राजकारण' हा कॅमेरून देशातला बोलीतला शब्दप्रयोग जोडला. तिकडे म्हण आहे, बकरी जिथे बांधावी तिथेच चरते. मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 'पैसे खाल्ले' म्हणणारे आणि 'कुंपणच शेत खाते' म्हणणारे आपण, त्याच शाळेचे विद्यार्थी! याच बायार यांनी १९९६ साली अस्मितेच्या भ्रमाविषयी लिहिले. अस्मिता ही जमिनीतून उगवलेली, हजार वर्षांची अचल वस्तू नसते. ती विशिष्ट काळात, विशिष्ट कामासाठी माणसे घडवत असतात आणि एकच माणूस प्रसंग पाहून स्वतःला वेगवेगळ्या नावांनी ओळखतो, असे ते सांगतात.

हे वाचून मला जरा हायसे वाटले. 'तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?' हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. विचारणारा बहुधा कौतुकाने विचारतो, म्हणून रागावताही येत नाही. पण त्या 'असून'मध्ये सगळी गोम आहे. मुसलमान असणे एका कप्प्यात आणि मराठी असणे दुसऱ्या, असे कुणीतरी कधीतरी ठरवले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. वसईत तर सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती घरांत कादोडी ही एकच बोली चालते, मग धर्म आणि भाषा यांची जोडी कोणी कशी लावायची?

पण फ्रेंच विद्वानांशी आपल्या माणसाचा खरा सामना फार आधी, १९१६ सालीच झाला होता. आणि तो न्यूयॉर्कमध्ये झाला.

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या काळी जातीवर बोलायचे तर एमील सनार यांचे नाव टाळता येत नसे. हे मोठे फ्रेंच पंडित. अशोकाच्या लेखांवर त्यांचे काम होते. आपल्या कार्ल्याच्या आणि नाशिकच्या लेण्यांतले शिलालेखही त्यांनी संपादित केले. जातिसंस्थेवरचे त्यांचे फ्रेंच पुस्तक १८९६ सालचे. सनार यांच्या व्याख्येत विटाळाच्या कल्पनेला मोठी जागा होती. तरुण आंबेडकरांनी ती व्याख्या समोर ठेवली आणि सांगितले, विटाळ हे जातीचे मूळ नव्हे. विटाळ हा पुरोहिताच्या कर्मकांडाचा सर्वसाधारण भाग आहे. आपल्याकडे पुरोहिताची जात सगळ्यांत वर बसली, म्हणून तो जातीला चिकटला. जातीचा गाभा आहे तो जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनात. ते बंधन टिकवायचे तर जातीतल्या स्त्रीपुरुषांचा आकडा जुळता ठेवावा लागतो. नवरा मेला की विधवा 'जास्तीची' होते. मग तिला जाळा, किंवा जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेल्या पुरुषासाठी वरच्या वयाची मुलगी उरत नाही, म्हणून लहान पोर शोधा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा असा एका सूत्रातला उलगडा त्याआधी कुणी केला नव्हता, असे मला वाटते.

गंमत पुढे आहे. एका फ्रेंच पंडिताला खोडताना त्यांनी दुसऱ्या फ्रेंच पंडिताची मदत घेतली. एका वर्गाने दार लावून घेतले तर बाकीचे लोक त्याच्यासारखे का वागू लागले, हे सांगण्यासाठी त्यांनी गाब्रिएल तार्द या समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम वापरले. अनुकरण वरून खाली वाहते आणि जितके अंतर कमी तितके ते जोरदार होते, हा तार्दचा सिद्धांत. ब्राह्मणांच्या जवळच्या जातींनी या चाली कडक पाळल्या, दूरच्या जातींनी सैल पाळल्या, हे आंबेडकरांनी त्यावरून दाखवले. म्हणजे पॅरिसचे हत्यार, न्यूयॉर्कचे व्यासपीठ आणि अनुभव मात्र साताऱ्याच्या शाळेतला, जिथे बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे.

पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, १९६६ साली, लुई द्युमाँ यांचा जातिव्यवस्थेवरचा ग्रंथ पॅरिसमध्ये निघाला आणि जगभर गाजला. शुद्ध आणि अशुद्ध हा भेद सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे, असा त्याचा डोलारा. द्युमाँ साधा माणूस नव्हता. तामिळनाडूत राहून त्याने आधी कसून काम केले होते. पण त्याचा ग्रंथ बराचसा वरच्या पायरीवरून खाली पाहतो, अशी टीका पुढे अनेकांनी केली. खालच्या पायरीवरून पाहिले तर काय दिसते, ते आंबेडकरांनी १९१६ सालीच लिहून ठेवले होते.

याच आकाशवाणीवरून ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांचे भाषण झाले होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपले तत्त्वज्ञान, पण ते मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाही, माझे गुरू भगवान बुद्ध यांच्याकडून घेतले, असे त्यांनी त्यात सांगितले. फ्रेंचांचे जे घेतले ते नाव घेऊन घेतले आणि जे घेतले नाही तेही स्पष्ट सांगितले. क्रिस्तोफ जाफ्रलो यांचे बाबासाहेबांवरचे फ्रेंच पुस्तक २००० साली आले आणि ते २००५ साली इंग्रजीत उतरले. आंबेडकरांना केवळ घटनाकार किंवा दलितांचे नेते म्हणून न पाहता जातीचे विश्लेषण करणारे विचारवंत म्हणून ते पाहते. सनार यांच्या देशातून हे यावे, यात काव्यगत न्याय आहे.

बुद्धाचा विषय निघाला म्हणून आमच्या सोपाऱ्याचे सांगून टाकतो. आज 'नालासोपारा' म्हटले की लोकलची गर्दी डोळ्यांपुढे येते. १८४४ साली पॅरिसमध्ये यूजेन बर्नूफ यांनी भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची ओळख करून देणारा ग्रंथ छापला. नेपाळातून ब्रायन हॉजसन यांनी पाठवलेल्या संस्कृत पोथ्यांवरून तो सिद्ध झाला. युरोपातल्या बौद्ध अभ्यासाचा पाया या ग्रंथाने घातला आणि त्यात शूर्पारक नगरीच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची सबंध कथा आहे. हा दासीपुत्र पुढे भिक्षू झाला आणि चंदनाच्या विहारात त्याने बुद्धाला बोलावले. शूर्पारक म्हणजे आपले सोपारे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे स्तूप उकरला, तेव्हा ही कथा त्यांच्या आधी पॅरिसला जाऊन आलेली होती. अरब प्रवासी मसूदीचा ग्रंथही १८६१ पासून पॅरिसलाच फ्रेंच भाषांतरासह छापला गेला. हिजरी ३०४ मध्ये आपण चौलला होतो, तिथे राष्ट्रकूटांच्या राज्यात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्यात आहे. कोकणात आम्ही कधी आलो असे विचारणाऱ्याला मी हा दाखला देतो.

आता ज्या माणसासाठी मुख्यतः हे भाषण करायचे ठरवले, त्याच्याकडे येतो. गी पॉइतवाँ. जन्म फ्रान्समध्ये, १९३४ चा. सत्तरच्या दशकात ते पुण्यात आले, इथलेच झाले आणि २००४ साली त्यांचे निधन झाले. इतर अभ्यासक येतात, दोन-चार वर्षे राहतात, वही भरतात आणि परत जातात. पॉइतवाँ परत गेले नाहीत. हेमा राईरकर या अर्थशास्त्राच्या अभ्यासक कार्यकर्तीबरोबर त्यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, मुळशी-मावळात, 'गरीब डोंगरी संघटने'च्या सोबतीने काम केले. १९८५ साली त्यांचे खेड्यातल्या बायकांवरचे फ्रेंच पुस्तक निघाले, त्यात बायका स्वतः बोलतात.

बोलता बोलता बायका जात्यावरच्या ओव्यांकडे वळल्या. ओवी म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्यांना सांगायला नको. पहाटे तीनला उठून दळण दळताना बाई जे गाते, ते. सासूबद्दल उघड बोलता येत नाही, ते ओवीत येते. भावाची माया येते, मुलीच्या जन्माचे दुःख येते, विठ्ठल येतो. हे गाणे कुणाला ऐकवण्यासाठी नसते, म्हणून त्यात खोटेपणा कमी. माझी नानी जात्यावर बसली की आमच्या कोकणी बोलीत गुणगुणायची. तिला कविता म्हटले असते तर ती हसली असती.

ऐंशीच्या दशकापासून पॉइतवाँ, राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. बेर्नार बेल या फ्रेंच संशोधकाने त्या संगणकावर घालण्याची व्यवस्था लावली. एवढ्या ओव्या टिपून ठेवायची घाई का, तर गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. गिरणी आल्यावर बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, हे चांगलेच झाले. जाते गेल्याबद्दल गळा काढणारे बहुधा कधी दळायला बसलेले नसतात. पण जात्याबरोबर गाण्याची जागाही गेली.

या माणसाचे वेगळेपण संग्रह करण्यात मला तितकेसे दिसत नाही. लोकगीते गोळा करणारे आपल्याकडेही थोर होऊन गेले. पॉइतवाँ आणि राईरकर यांनी ओवीचा अर्थ लावण्याचे कामही बायकांकडेच दिले. गावात बैठक व्हायची, बायका ओव्या म्हणायच्या आणि मग त्यांच्यातच चर्चा व्हायची, की ही ओवी खरी का, आज लागू पडते का, हिच्यात आपण सोसणे गौरवतो की नाकारतो? समाजशास्त्र विद्यापीठात तयार होते आणि खेडे फक्त कच्चा माल पुरवते, ही रीत त्यांनी मोडली. माजलगावच्या भीमनगरात टिपलेल्या ओव्यांमध्ये बायकांनी जात्यावर बाबासाहेबांना गायले आहे. १९१६ च्या निबंधातला तो पंचवीस वर्षांचा विद्यार्थी असा दळणाच्या गाण्यात जाऊन बसला!

हेमाताई २०१० साली गेल्या. २०१७ पासून हा ओव्यांचा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने मूळ आवाजासह इंटरनेटवर खुला करायला सुरुवात केली. कान असलेल्या कुणालाही तो आता ऐकता येतो.

पॉइतवाँ यांनी आणखी एक काम केले. दया पवार यांचे 'बलुतं' मराठीत १९७८ साली आले. पॉइतवाँ यांनी ते थेट मराठीतून फ्रेंचमध्ये नेले आणि १९९० साली पॅरिसमध्ये ते छापले गेले. जेरी पिंटो यांचे इंग्रजी भाषांतर आले २०१५ साली. म्हणजे कावाखान्यातले आणि महारवाड्यातले ते जगणे पॅरिसच्या वाचकाने मुंबईतल्या इंग्रजी वाचकाच्या पंचवीस वर्षे आधी वाचले. तुकोबांचे अभंगही गी देल्युरी यांनी १९५६ सालीच फ्रेंच वाचकाच्या हाती दिले होते.

शहरांवरही काम झाले आहे. मारी-कारोलीन साग्लिओ-यात्झिमिरस्की यांचे धारावीतल्या चामड्याच्या कामगारांवरचे पुस्तक २००२ चे. वेरोनिक बेनेई कोल्हापूरच्या प्राथमिक शाळांत, उर्दू शाळेतसुद्धा, मुलांबरोबर बसल्या. प्रार्थना, कवायत आणि गाणी यांतून देश नावाची गोष्ट मुलांच्या अंगात कशी भिनते, हे त्यांनी २००८ च्या इंग्रजी पुस्तकात मांडले. लोराँ गायेर आणि जाफ्रलो यांनी २०१२ साली भारतीय शहरांतल्या मुसलमान वस्त्यांवर इंग्रजीत ग्रंथ संपादित केला, त्यात मुंबई आहे. एकत्र राहणे माणसे स्वतः निवडतात की त्यांना दुसरीकडे जागाच मिळत नाही, हा त्यातला कळीचा प्रश्न. दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत असू शकतात, असे ते पुस्तक दाखवते. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याच भागात मी भाड्याने घर शोधत होतो. दलालाने फोनवर सगळे ठरवले. नाव विचारले आणि मग म्हणाला, 'मालकांना विचारून सांगतो.' तो अजून विचारतो आहे. त्या पुस्तकातला प्रश्न मला म्हणून पुस्तकी वाटत नाही.

एक अडचण मात्र उरते. हे सारे आपल्याविषयी आहे, पण आपल्या भाषेत नाही. फ्रेंच अभ्यासकही या पेचात आहेत. फ्रेंचमध्ये लिहावे तर बाहेरचे वाचत नाहीत, इंग्रजीत लिहावे तर आपल्याच भाषेतली चर्चा आटते. बेनेई, गायेर, जाफ्रलो इंग्रजीतही लिहितात, यातच काय ते आले. तिकडे निदान आधी फ्रेंचमध्ये लिहायची सोय आणि प्रतिष्ठा टिकून आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. पण जाफ्रलोंचा आंबेडकर वाचायला आमच्या एका विद्यार्थ्याला मी इंग्रजी प्रतच देऊ शकलो.

असे नेहमीच होते असे नाही. ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला फ्रेंच ग्रंथ १९२० सालचा. मराठीचे उच्चार आणि व्याकरण कसकसे बदलत आले, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास मांडणारे ते पहिले मोठे पुस्तक. इंग्रजीत ते १९७० साली उतरले. मराठीत? वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 'मराठी भाषेचा विकास' या नावाने त्याचे भाषांतर १९४१ सालीच केले होते, इंग्रजीची वाट न पाहता.